हातातून काढून घेतलेले काम

दहावीच्या वर्षी मुलाला घरातल्या सगळ्या कामांतून मोकळे केले, तर त्याच्या मनावरचा ताण कमी होतो की वाढतो? हा लेख या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहायला घेतला आहे. प्रश्न साधा दिसतो, आणि उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. गणिताच्या तासाला मी मुलांना सांगत असे, की जे गृहीत धरले आहे ते आधी फळ्यावर लिहा. न लिहिलेले गृहीतच पुढे घात करते. म्हणून ते इथे लिहून ठेवले.

प्रश्न नव्याने डोक्यात आला तो शेजारणीमुळे. डहाणूजवळ मसोलीला आमच्या समोरच्या घरात हर्षाबेन राहतात. परवा त्यांनी दाराच्या बेलवर चिकटपट्टी लावली आणि मला बजावले, "बाई, आता मार्च संपेपर्यंत बेल वाजवायची नाही हं. आमच्या ध्रुवची दहावी आहे."

मी विचारले, "मग रोज संध्याकाळी दूध आणायला तो जायचा, ते कोण आणतं?"

"त्याचे पप्पा. ध्रुवला आम्ही गादीवर बसवलाय, बिलकुल राजासारखा!"

हर्षाबेन प्रेमाने बोलत होत्या, आणि त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण "गादीवर बसवलाय" हे शब्द घेऊन मी घरात आले आणि खिडकीशी बसले. फेब्रुवारी लागला की डहाणूची हवा दोन वासांत वाटली जाते. समुद्राच्या अंगाने वाळत्या बोंबलांचा खारट वास येतो आणि वाड्यांच्या अंगाने चिकूचा, गुळाच्या पाकाच्या जवळ जाणारा गोड वास. वारा फिरला की एक जाऊन दुसरा येतो. कधी दोन्ही एकत्र येतात आणि बाहेरगावचा पाहुणा नाक मुरडतो. आम्हाला मात्र त्या मिश्रणात तिसराही वास येतो: नव्या उत्तरपत्रिकांचा, बाकांवर खडूने घातलेल्या बैठक क्रमांकांचा, परीक्षेचा. त्या दिवशी त्या वासाने मला थेट नरपडच्या एका वाडीत नेले, तन्वीच्या घरी.

तन्वी काही वर्षांपूर्वीची माझी दहावीची विद्यार्थिनी. वडील हरेश्वरभाऊ वाडीवाले. चिकूची जुनी झाडे, थोडी भातशेती, मधल्या जागेत वांगी-मिरची. आई कल्पनाताई. मुलगी हुशार, पण मागच्या बाकावर बसणारी. उत्तर येत असले तरी हात अर्ध्यापर्यंतच वर करणारी. पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपरला तिने वर स्वतःचा क्रमांक घातला, डावीकडे समास आखला आणि वेळ संपेपर्यंत त्या समासाकडे पाहत राहिली. बाकी कागद कोरा. मी तिला बाजूला घेतले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाई, मी बोर्डाला बसत नाही. पुढच्या वर्षी बसेन."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला बरे वाटले असते. राग निवळतो. ही ठरवून आलेली होती.

शाळेत आम्हाला जे उपाय ठाऊक असतात ते मी क्रमाने केले. अभ्यासाचे वेळापत्रक सुटसुटीत करून दिले. डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला शिकवले. सोपी उदाहरणे आधी सोडवायची सवय लावायला सांगितली. हे उपाय खोटे नाहीत. श्वासानंतर ती एक-दोन उदाहरणे खरोखर सोडवत असे. पण ती घरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत आली, की पुन्हा तसाच ताठ चेहरा. वर्गात सैल केलेली गाठ घरी कोण घट्ट करते, हे पाहायला मी एका दुपारी नरपडला गेले.

चिकूच्या वाडीत परीक्षेचे दिवस आणि फळाचे दिवस एकाच वेळी येतात. पुरुष लांब काठीच्या टोकाला जाळी बांधलेली बेडणी घेऊन फळ उतरवतात. ते धुऊन, चीक काढून दुपारी पडवीत गोणपाटावर पसरतात, आणि मग घरातली माणसे व कामाच्या बाया गोल बसून फळे निवडतात: मोठी एकीकडे, मधली एकीकडे, बारीक वेगळी, डागी आणखी वेगळी. हात चालू असतात आणि तोंडे त्याहून जास्त. कोणाच्या घरी सोयरीक जुळते आहे, महालक्ष्मीच्या यात्रेला यंदा कोण कोण जाणार, सगळे तिथेच ठरते. अशा घरांत मी अनेकदा गेले आहे. वाडीत शिरण्याआधीच हसण्याचा आवाज येतो.

तन्वीच्या घरी आवाज नव्हता. पडवी झाडून रिकामी ठेवली होती. कुत्रा विहिरीपलीकडे बांधला होता. हरेश्वरभाऊ समोर आले ते ओठांवर बोट ठेवूनच. मला त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात नेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तिचा अभ्यास चाललाय."

"आणि चिकू? निवडत नाही का यंदा?"

"निवडतो ना. पण वाडीच्या पार टोकाला मांडव घातलाय. इथे बायांची बडबड, हिला त्रास. टीव्ही पण भावाकडे पाठवून दिला. बाई, आम्ही तिला काही कमी केलं नाही. काडी उचलू देत नाही तिला."

आतल्या खोलीत तन्वी बसली होती. खिडकी बंद. टेबलावर भिजवलेल्या बदामांची वाटी, तिला हातही लागलेला नव्हता. मी समोर न बसता तिच्या बाजूला, पलंगाच्या कडेवर बसले. पुस्तक उघडे होते. पान कोणते, हे तिलाही सांगता आले नसते.

"पूर्वी दुपारी काय करायचीस तू?" मी विचारले.

"शाळेतून आले की निवडायला बसायचे. डागी माझ्याकडे असायचे. ते कापून चकत्या वाळत घालायच्या." ती थांबली. मग एकदम म्हणाली, "बाई, तेव्हा अभ्यासाचा दिवस फुकट गेला तरी संध्याकाळी चिकू तरी झालेले असायचे."

मुलांच्या ताणावर मी पुष्कळ ऐकले होते, प्रशिक्षणांत बसले होते. पण ताण म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने मला कोणी सांगितले नव्हते. अभ्यास कधी पुरा होत नाही. धडा संपला तरी उजळणी उरते; उजळणी झाली तरी लक्षात राहील का, ही शंका उरते. मोठ्या माणसाच्या दिवसाला काहीतरी पुरे झाल्याची एक कड असते: भाकरी झाल्या, दुकान बंद केले, वर्ग सुटला. या मुलीच्या दिवसाची ती कड आम्ही सगळ्यांनी मिळून, तिच्या भल्यासाठी, कापून टाकली होती. आता सकाळपासून झोपेपर्यंत तिच्यापुढे फक्त न संपणारी गोष्ट होती. आणि ती संपत नाही म्हणून सगळे घर श्वास रोखून बसलेले.

"आणि घर गप्प आहे, ते?" मी विचारले.

"ते तर सगळ्यांत वाईट." ती म्हणाली. "माझं पान उलटलेलं पण बाहेर ऐकू जात असेल."

मी मांडवाकडे गेले. कल्पनाताई आणि कामावरच्या रमीलामावशी निवडत होत्या. तन्वीला रोज संध्याकाळी तिचे काम परत द्या, असे मी सांगितले, तेव्हा हरेश्वरभाऊंचा चेहरा उतरला.

"बाई, बोर्डाचं वर्ष आहे. हाताला चीक लागला तर पेन कसं धरायची?"

"अय्या!" कल्पनाताई म्हणाल्या. "मी त्याच हातांनी इतकी वर्षं भाकऱ्या थापते, त्या बऱ्या घशाखाली जातात!"

"भाकरीचं वेगळं."

"हो ना. भाकरीला मार्क नसतात."

रमीलामावशी मान खाली घालून फळे फिरवत होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "भाऊ, पोरीला काय पिकवायला ठेवलीय का? खोली बंद, खिडकी बंद, वरून गोणपाट तेवढं टाकायचं राहिलं."

"रमीला, तू तुझं बघ."

"बघतेच हाय. हा बघा, डागी."

हरेश्वरभाऊंना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. त्यांची भीती मला समजत होती. त्यांचे स्वतःचे शिक्षण भाताच्या लावणीने आणि चिकूच्या हंगामाने तुटले होते. मुलीच्या हातात पुन्हा फळ देणे म्हणजे तीच गोष्ट नव्याने सुरू करणे, असे त्यांना वाटत होते. ते म्हणाले, "बाई, ज्या कामाने माझी शाळा गेली, तेच तुम्ही औषध म्हणून सांगता?"

हा प्रश्न मी टाळू शकत नव्हते, कारण तो बरोबर होता. मला तलासरी आठवली.

डहाणूला येण्याआधी मी तलासरीकडे शिकवत होते. मोठ्या रस्त्यावर गुजरातच्या हद्दीवरील अच्छाडच्या नाक्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग, ढाब्यांवरचे मोठ्याने लावलेले रेडिओ. आणि तिथून पूर्वेला वळले, की चढाच्या वाटा, भात निघून गेलेली मोकळी खाचरे, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेताचे तुकडे, आणि याच दिवसांत पहाटे झाडाखाली गळून पडलेली मोहाची फुले. त्या गावांतली सुनीता नावाची एक मुलगी माझ्या वर्गात होती. शेतकऱ्याघरची. तिच्या हाताला काम नव्हते असा क्षण मी पाहिला नाही. पाणी तिचे, धाकट्या भावाला सांभाळणे तिचे, आईला बरे नसले की चूलही तिची. वर्गात तिच्या डोळ्यांवर झापड यायची. इतर मुले हसायची. त्या मुलीला जर मी जाऊन सांगितले असते की घरकामाने ताण हलका होतो, तर तिने पाण्याची कळशी माझ्याच हातात दिली असती. तिला हवे होते ते नेमके उलटे. परीक्षेच्या दिवसांपुरता तिचा मामा येऊन राहिला आणि पाण्याच्या कळशा त्याने उचलल्या. "पोरी, तू लिव. पानी मी बघतो," एवढेच तो म्हणाला, असे तिने मला हसत सांगितले. ती हसली होती, हे मला स्पष्ट आठवते.

म्हणून मी हरेश्वरभाऊंना म्हणाले, "कामाने तुमची शाळा गेली, कारण ते काम तुम्हाला खाली ठेवता येत नव्हतं. तन्वीचं तसं नको. एकच काम, तिचं नेहमीचं, आणि नको वाटेल त्या दिवशी तिने उठून जावं. कोणी विचारायचं नाही."

"विचारायचं नाही म्हणजे?"

"काहीच नाही. अभ्यास किती झाला, हेसुद्धा नाही."

न विचारण्यापेक्षा दिवसभर फळ काढायला सांगितले असते तर ते त्यांना सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवसापासून निवड पडवीत परत आली. पुढचे सगळे मला कल्पनाताईंनी वेळोवेळी सांगितले आहे. काही मी स्वतः पाहिले. पहिल्या संध्याकाळी तन्वी आली, तिच्या जागी बसली आणि डागी फळे वेचत राहिली. बोटांना चीक चिकटला की ती खोबरेल तेलाचे बोट फिरवून तो चोळून काढायची, पूर्वीसारखाच. हरेश्वरभाऊ पडवीच्या खांबाला टेकून उभे. तोंड उघडायचे, मिटायचे. शेवटी त्यांच्याने राहवले नाही. "गणिताचं किती झालं गं?"

वाडीतल्या माणसाला फळ तयार झाले की नाही हे पाहायला एक युक्ती असते: सालीवर नखाने किंचित खरवडायचे. खाली हिरवे दिसले तर कच्चे, पिवळसर दिसले तर उतरवायला हरकत नाही. पण हे एखाद्या फळाचेच करायचे असते. प्रत्येक फळाला नख लावले, तर माल तिथूनच बिघडतो. हे हरेश्वरभाऊंनीच मुलीला लहानपणी शिकवले होते.

तन्वीने वर न पाहता म्हटले, "पप्पा, रोज किती वेळा नख लावाल? सडेन मी."

रमीलामावशी इतक्या मोठ्याने हसल्या की विहिरीपलीकडचा कुत्रा भुंकू लागला. कल्पनाताईही हसल्या. हरेश्वरभाऊ खांबापासून निघाले आणि मधल्या फळांच्या ढिगापाशी येऊन बसले. मुलीने त्यांना टोमणा मारला होता. पुष्कळ दिवसांत ती त्यांच्याशी मोकळेपणाने बोललेली ती पहिली गोष्ट होती.

पुढे कधीतरी, असेच हात चालू असताना, तिने आईला पूर्वपरीक्षेचे सांगितले. पहिलाच प्रश्न आला नाही. तो आल्याशिवाय दुसऱ्याकडे जाणे तिला चोरीसारखे वाटले. घर एवढे गप्प बसले आहे, आणि आपण पहिलाच प्रश्न सोडून द्यायचा? मग अक्षरे दिसेनाशी झाली. कल्पनाताई त्यावर काय म्हणाल्या, हे मी त्यांना मुद्दाम विचारले.

"मी काय म्हणणार? 'हं, मग?' म्हटलं. आणि निवडत राहिले. मान वर केली असती ना बाई, तर ती गप्प झाली असती."

मी वर्गात, टेबलापलीकडून, तिच्या डोळ्यांत पाहून विचारत होते. ते चुकीचे नव्हते, पण त्या वयात समोरून आलेली नजर ही तपासणीच वाटते. शेजारी बसलेल्या माणसाला, ज्याचे डोळे फळांवर आहेत, मूल अधिक सांगते. उपदेशापेक्षा "हं, मग?" पुष्कळ दूरवर जाते. याचे कारण मला पूर्णपणे मांडता येईल असे नाही. एवढेच म्हणता येईल, की बोलताना मध्ये शांतता आली तर ती भरून काढायला तिथे फळे असतात.

यावरून सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. परीक्षा जवळ आली तशी तन्वीची झोप पुन्हा मोडली. जेवण कमी झाले. तेव्हा मी तिच्या आईवडिलांना डॉक्टरांकडे जायला सांगितले आणि ते गेले. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवू लागले, तर चिकू निवडत बसू नये, जाणकाराकडे जावे. घरातले काम हे औषध नाही. ते पायाखालच्या जमिनीसारखे आहे. जमिनीने ताप उतरत नाही, पण तिच्यावर उभे राहता येते.

बोर्डाला बसायचे की नाही, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नव्हते. हॉल तिकीट तिने घेतले होते, एवढेच. पहिल्या पेपरांना ती गेली. खरा प्रश्न गणिताच्या पेपरचा होता. आदल्या संध्याकाळी हरेश्वरभाऊ तिला म्हणाले, "आज राहू दे." ती म्हणाली, "आज तर करणारच," आणि डागी फळांच्या चकत्या पुऱ्या करूनच उठली.

त्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. मार्चचे ऊन, सुरूच्या झाडांची विरळ सावली, स्कूटरींवर बसलेले आईबाप. कोणी मराठीत, कोणी गुजरातीत, पण सगळे एकच बोलणारे. हरेश्वरभाऊ फाटकाकडेच पाहत होते. घंटा झाली. मुले लोंढ्याने बाहेर आली, एकमेकांची उत्तरे पडताळत, कपाळावर हात मारत. तन्वी जवळजवळ शेवटी आली. तिच्या नखांच्या कडांना चिकाचे तपकिरी डाग होते.

"भूक लागली?" हरेश्वरभाऊंनी विचारले.

"नाही."

त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. मग तीच म्हणाली, "पप्पा, विचारा."

"काय?"

"तेच. तोंडात धरून उभे आहात ते."

"विचारू?"

"एकदाच हं."

"कसा गेला?"

"दोन प्रश्न आलेच नाहीत." तिने पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले, एक घोट घेतला. "बाकीचे लिहिले."

हरेश्वरभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मुलीला दोन प्रश्न आले नाहीत, याचे वाईट वाटावे की काय, हे त्यांना ठरवता येत नव्हते. "बाकीचे लिहिले," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि स्कूटरची किल्ली उलटी घालू लागले. तन्वीने ती त्यांच्या हातातून घेऊन सरळ केली.

एक प्रश्न आला नाही म्हणून कोरा कागद ठेवून उठलेली मुलगी, दोन प्रश्न सोडून पुढे गेली होती. तिला किती गुण मिळाले हे मी इथे लिहीत नाही, कारण गुणांचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. माझा प्रश्न ताणाचा होता, आणि त्याचे मला सापडलेले उत्तर असे: ज्या मुलाचे हात कामाने भरून गेले आहेत, त्याचे काम आपण उचलावे; ज्याचे हात आपण प्रेमाने रिकामे केले आहेत, त्याला एक लहान, रोज पुरे होणारे आणि कधीही खाली ठेवता येणारे काम परत द्यावे, आणि तो ते करत असताना शेजारी बसावे, समोर नव्हे.

पण हे उत्तर एका वाडीतून आणि चढावरच्या एका घरातून काढलेले आहे. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मी आयुष्यभर फळ्यावर शिकवले. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुमच्या घरी, तुमच्या मुलाबरोबर, हे स्वतः करून पाहा.